गायक चालला, पण जागा किती रिकाम्या होणार?

वाचकाचं पत्र

आमचा पाच जणांचा मराठी रॉक बँड आहे. २०१४ साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू केला. आत्तापर्यंत नऊ जण बँडमध्ये वाजवून गेले किंवा वाजवत आहेत. पहिल्या पाचांपैकी मी (बेस), एक गिटारिस्ट आणि गायक एवढेच उरलो. आता गायक नोव्हेंबरअखेर नोकरीसाठी जर्मनीला चालला आहे. भांडण काही नाही. पण आमच्या चौदा गाण्यांपैकी आठ त्याने लिहिली आहेत आणि डिसेंबरात तीन कार्यक्रम घेतलेले आहेत. त्यातच २०१९ मध्ये सोडून गेलेला आमचा पहिला ड्रमर म्हणतो की, गायक गेल्यावरही तेच नाव लावलं तर ती लोकांची फसवणूक ठरेल. नाव बदलावं का? नवा गायक कसा निवडायचा? जुनी गाणी वाजवायचा आम्हाला हक्क आहे का? फंडातल्या पैशांचं काय करायचं?
— एक बेसवादक, कोथरूड

उत्तर

तुम्ही चार प्रश्न विचारलेत. त्यांच्याआधी एक प्रश्न येतो, तो सोडवला की बाकीचे सोपे होतात. तुमचा गायक बँडमध्ये नक्की काय काय करत होता?

‘गातो’ एवढंच उत्तर देऊ नका. उरलेल्या चौघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न विचारता लिहा आणि मग कागद शेजारी ठेवून बघा. मुख्य आवाज त्याचा, हे सगळेच लिहितील. पण धृपदात दुसरी गिटार कोण धरतं? गिटारिस्ट ट्यून करत असताना लोकांशी दोन मिनिटं कोण बोलतं? गाणं संपवायची खूण कोणाच्या मानेची असते? आयोजकाचा फोन कोण घेतो, पैसे राहिले तर मागे कोण लागतो, इन्स्टाग्राम कोण बघतो, रात्री दोन वाजता सामान कोणाच्या गाडीत जातं, आणि तुम्ही दोघं जुने लोक अडून बसलात की मध्ये कोण पडतं? दहा वर्षं टिकलेल्या बँडमध्ये एका माणसाकडे अशी सहा-सात कामं साठलेली असतात. बहुतेक बँड ‘गायक पाहिजे’ अशी पोस्ट टाकतात आणि सातपैकी एक जागा भरतात. उरलेल्या सहा रिकाम्याच राहतात. सहा महिन्यांनी सगळे म्हणतात, नवीन पोराचं काही जमत नाही. बिचारा गात चांगलाच असतो.

हे सगळ्यात नीट दिसतं ते दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडच्या बाबतीत. अशीम चक्रवर्ती तबला वाजवायचे आणि तो वाजवतानाच गायचे. २५ डिसेंबर २००९ रोजी ते गेले. त्यांची जागा भरायला एक माणूस शोधला असता तर तो सापडलाच नसता. बँडने दोघांना घेतलं. गायला हिमांशू जोशी आले, तालवाद्यांना तुहीन चक्रवर्ती. पुढे २०१३ मध्ये संस्थापक गिटारिस्ट सुस्मित सेनही बाहेर पडले आणि निखिल राव आले. म्हणजे १९९० मध्ये ज्या दोघांनी सुरुवात केली त्यातलं कोणीही आज बँडमध्ये नाही. तरी राहुल राम यांचा बेस आणि अमित किलम यांचे ड्रम्स या पायावर तो बँड इंडियन ओशन म्हणूनच उभा आहे. तुम्ही स्वतः बेस वाजवता, म्हणून हे मुद्दाम सांगतो. लोक गायकाकडे बघत असले तरी अंगाला जाणवतो तो खालचा पाया, आणि तुमच्याकडे तो शाबूत आहे.

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडनेही हेच केलं होतं. १९७३ मध्ये गायक इयान गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर दोघेही गेले. गिलनसारखी किंकाळी मारणारा दुसरा गिलन शोधण्याऐवजी बँडने दोन आवाज आणले. डेव्हिड कव्हरडेल हा तोवर फारसा कोणाला माहीत नसलेला गायक आला, आणि बेस वाजवता वाजवता उंच गाणारा ग्लेन ह्यूज आला. खालचं एकाने घेतलं, वरचं दुसऱ्याने. तुमच्या चौघांत कोणी जरा बरं गात असेल तर नव्या गायकावरचा अर्धा भार आजच कमी होतो, त्यामुळे आधी आपल्याच घरात बघा.

आता संहितेकडे, म्हणजे सगळं लिहून ठेवण्याकडे येऊ. मराठी रंगभूमीवर रिप्लेसमेंट ही रोजची गोष्ट आहे. भूमिका करणारा नट मालिकेत अडकला की दुसरा उभा राहतो, आठ-दहा तालमी होतात आणि रविवारी बालगंधर्वला प्रयोग लागतो. ते शक्य होतं, कारण नाटकाला संहिता असते. शब्द, हालचाली, प्रकाशाच्या जागा, सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. बँडला संहिता नसते. सगळं पाच डोक्यांत असतं, आणि एक डोकं जर्मनीला गेलं की त्यातला हिस्साही गेला. तेव्हा जाहिरात टाकण्याआधी, गायक अजून पुण्यात आहे तोवर, ही संहिता लिहून घ्या. चौदा गाण्यांना तीन-तीन तासांच्या चार बैठका पुरतात.

प्रत्येक गाण्याचं एक पान करा. त्यावर पट्टी, टेम्पो (मिनिटाला किती ठोके), रचना आणि शब्द लिहा. टेम्पो रेकॉर्डिंगमधला लिहू नका, कार्यक्रमात वाजतो तो लिहा. स्टुडिओत १३२ वर केलेलं गाणं चार वर्षं वाजवून हमखास १३८ वर गेलेलं असतं. नवा माणूस घरी १३२ वर पाठ करून येतो आणि दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडतो. मग सगळे त्याच्या दमाला दोष देतात. रचनेतही असंच. रेकॉर्डिंगमध्ये शेवट हळूहळू विरत जातो. स्टेजवर तुम्ही तो चार ठोक्यांत तोडता. कडव्याआधीचे आठ बार (आवर्तनं) लोक टाळ्या वाजवत असतील तर सोळा होतात. हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून लिहा. ‘इथे ड्रमरकडे बघायचं’ हेसुद्धा लिहा. गायक स्टेजवर शब्द बदलत असेल तर कोणते शब्द अंतिम, ते त्याच्याकडूनच पक्के करून घ्या आणि श्वास कुठे घेतो त्या जागी रेघ मारा. दहा वर्षं गायलेल्या माणसाने श्वासाच्या जागा चुकत-माकत शोधलेल्या असतात, आणि त्या नव्या माणसाला फुकट मिळतात.

मग जॅमरूममध्ये क्लिक (कानात टिकटिक देणारा ठेका) लावून प्रत्येक गाणं एकदा वाजवा आणि प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फायली ठेवा, एमपीथ्री नको. सगळ्या फायली एकाच क्षणापासून सुरू होणाऱ्या असाव्यात, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की आपोआप जुळतात. नाहीतर नवा माणूस अर्धा दिवस त्या सरकवत बसतो. गायकाचा आवाज इफेक्टशिवाय कोरा घ्या. यातून नव्या उमेदवाराला दोन मिक्स करून द्या, एक गायकासकट ऐकायला आणि एक गायकाशिवाय सरावाला. एक प्रत ड्राइव्हवर आणि एक हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा.

पट्टीचा विषय जरा सावकाश बघू, कारण गायक बदलताना सगळ्यात जास्त बँड इथेच आपटतात. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये गेला आणि १९९४ मध्ये ब्लेझ बेली आला. बेलीचा आवाज मुळात खालचा. पण जुनी गाणी डिकिन्सनच्या उंच आवाजासाठी बांधलेली होती आणि बँडने ती आहे त्याच पट्टीत वाजवत ठेवली. रोज रात्री आपल्या आवाजाच्या छताला डोकं आपटत गाणाऱ्या माणसाची तुलना आधीच्या माणसाशी होत राहिली, आणि १९९९ मध्ये डिकिन्सन परत आला. बेली वाईट गायक नव्हता, गाणी त्याच्या मापाची नव्हती.

तुमच्या गाण्यांचं माप असं घ्या. प्रत्येक गाण्याचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाज सर्वाधिक वेळ कोणत्या तीन-चार सुरांवर रेंगाळतो ते लिहा. वरचा सूर एकदाच लागत असेल तर तो निभावता येतो. धृपदाची अख्खी ओळ त्याच्या जवळपास असेल तर आठव्या गाण्यापर्यंत गळा बसतो. उमेदवाराला त्याचा आरामाचा टप्पा विचारा आणि तक्ता शेजारी ठेवा. पुरुषाच्या जागी गायिका येणार असेल तर गाणं साधारण तीन ते पाच सेमिटोन (अर्धे सूर) वर न्यावं लागतं असं धरून चाला. पण तुमचा गायक आधीच उंच गात असेल तर खालच्या आवाजाच्या गायिकेला बरीच गाणी आहे त्या पट्टीत बसतात. त्यामुळे फक्त पोरांना बोलावू नका.

अर्धा सूर खाली यायचं असेल तर सगळ्यांनी ई फ्लॅटला ट्यून करा. गिटारच्या १०-४६ जाडीच्या तारा आणि बेसच्या ४५-१०५ जाडीच्या तारा तेवढं सहज सोसतात. पूर्ण सूर खाली आलात तर त्याच तारा सैल पडतात, जोरात वाजवल्यावर सूर वर सरकतो आणि बेसची खालची तार फडफडते. मग गिटारला ११ चा जाड संच आणि बेसला ५०-११० लावा. नव्या तारांनी मानेवरचा ताण बदलतो, म्हणून ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (वरच्या पडद्यांवरही सूर जुळतो ना) बघून घ्या. फ्लॉइड रोझ ब्रिजची (तारा दोन्हीकडून घट्ट आवळून धरणारी) गिटार असेल तर ऐनवेळी ट्यूनिंग बदलायला जाऊच नका, त्या ट्यूनिंगसाठी वेगळी गिटार ठेवा. आणि कागदावर पट्टी बदलणं सोपं असलं तरी मोकळ्या ई तारेवर बांधलेला रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) एफ शार्पला नेला की त्याचा गुंजारव जातो. तुमच्या ओळखीच्या गाण्यांचा जीव अशा मोकळ्या तारांत असेल तर ती गाणी पट्टी बदलून मारण्यापेक्षा सहा महिने बाजूला ठेवा. बॅकिंग ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेली साथ) लावत असाल तर ते मूळ प्रोजेक्टमधून नव्या पट्टीत पुन्हा काढून घ्या. तयार फाइल ताणली की झांजा आणि आवाजाचे थर घाणेरडे ऐकू येतात.

आता ऑडिशन. तीन गाणी सात दिवस आधी द्या. एक तुमचं सगळ्यात सोपं, एक सगळ्यात अवघड, आणि एक अर्धवट नवं, ज्याचं रेकॉर्डिंगच नाही. पहिल्या दोनांत गळा आणि तयारी कळते. तिसऱ्यात माणूस कळतो. तो तुमच्याकडून चाल मागतो, की स्वतः काही सुचवतो, की मोबाइलमध्ये बघत उभा राहतो? वीस-वीस मिनिटांचे दहा उमेदवार ऐकण्यापेक्षा दीड-दीड तासाचे चार ऐका. सगळ्यांना तोच माइक आणि तेच मॉनिटर द्या. शेवटी, गळा थकल्यावर, अवघड गाणं परत गायला लावा, खरी परीक्षा त्यावेळी होते. सगळं रेकॉर्ड करा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी ऐकून घ्या, त्याच रात्री चहाच्या टपरीवर नको. आधीच्या गायकाला ऑडिशनला बसवू नका. उमेदवार त्याच्याकडे बघून त्याच्यासारखं गायला लागतो, आणि तुम्हाला एक नक्कल ऐकू येते. निवड झाल्यावर मात्र त्या दोघांची एक बैठक जरूर घडवा.

गळ्याइतकंच वेळापत्रक विचारा. हिंजवडीत शिफ्ट आहे का, शनिवार मोकळा असतो का, पुढच्या दोन वर्षांत शहर सोडायचा विचार आहे का. पुण्यातल्या बँडांची फाटाफूट बहुतेक वेळा संगीतावरून होत नाही. पोरं शिकायला येतात, चार वर्षं वाजवतात, आणि जून-जुलैत नोकरीचं पत्र आलं की बेंगळुरू किंवा परदेश. म्हणून शेवटच्या वर्षातला विद्यार्थी घेताना, तो कितीही चांगला असला तरी, पुन्हा याच जागी उभं राहायची तयारी ठेवा. ढोल-ताशा पथकांकडे बघा. दरवर्षी कित्येक वादक गळतात, नवे येतात, नदीपात्रात गणपतीआधी महिना-दोन महिने सराव चालतो आणि जुना वादक नव्याला हात शिकवतो. शिकवायची सोय पथकाच्या रचनेतच असते, म्हणून माणसं बदलून पथक बुडत नाही. (ड्रमर पथकातही असेल तर त्या दोन महिन्यांत कार्यक्रम घेऊ नका, हे ओघाने आलंच.)

निवडलेल्या माणसाला तीन महिने किंवा पाच कार्यक्रम, जे उशिरा संपेल तोवर चाचणीवर ठेवा आणि हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. या काळात कार्यक्रमाच्या मानधनात त्याचा वाटा इतरांइतकाच असावा. अर्ध्या पैशांवर पूर्ण गळा मागणं अन्याय आहे. नाव, फंड आणि सामान यात मात्र हिस्सा चाचणी संपल्यावर.

डिसेंबरच्या तिन्ही सुपाऱ्यांच्या आयोजकांना आजच फोन करा. जाहिरात गेल्यावर कळलं तर ते चिडतील, आत्ता कळलं तर पर्याय ठरवतील. नवा गायक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाला तर आठवड्याला दोन अशा तीन-तीन तासांच्या सात-आठ तालमी होतात. एवढ्यात चौदा गाणी होत नाहीत. नऊ होतात. नऊ गाणी, एक वाद्यांचा तुकडा आणि बोलणं धरून ४५ मिनिटांचा संच बांधा. तो शेवटच्या दोन तालमींत न थांबता, चूक झाली तरी पुढे जात, उभ्याने वाजवा. तोवर कोणी मिळालाच नाही तर ओळखीच्या गायकाला फक्त या तीन कार्यक्रमांपुरता, ठरलेल्या मानधनावर घ्या आणि ‘पाहुणा गायक’ असंच जाहीर करा. घाईत नेमलेला कायमचा माणूस काढणं फार त्रासाचं असतं. त्यातही एखादी सुपारी खास गायकाच्या नावावर ठरली असेल तर ॲडव्हान्स परत देऊन मोकळे व्हा.

आता नावाकडे. तुमच्या जुन्या ड्रमरने फसवणूक हा शब्द वापरलाय, तर फसवणूक कशी दिसते ते बघा. १९८० मध्ये रॉड इव्हान्स हा डीप पर्पलचा १९६९ मध्ये बाहेर पडलेला पहिला गायक डीप पर्पल याच नावाने दौऱ्यावर निघाला. सोबत त्या बँडमधलं दुसरं कोणीही नव्हतं. मूळ बँडच्या व्यवस्थापनाने खटला भरला आणि इव्हान्स व त्याच्या साथीदारांवर ६,७२,००० डॉलरची भरपाई लागली. उलट १९८९ मध्ये येस या बँडच्या गाजलेल्या काळातले चौघं, अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाउ, एकत्र आले. लोकांच्या कानांना येस म्हणजे तेच होते. पण नाव येसचा बेसवादक क्रिस स्क्वायर आणि त्याच्या सोबत्यांकडे होतं, त्यामुळे या चौघांना आपली आडनावं लावून रेकॉर्ड काढावी लागली. मूळचे किती जण उरले हे नुसतं मोजून नावाचा निकाल लागत नाही. नाव कोणाचं हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि लोकांपासून काही लपवलेलं नसावं लागतं.

आमचं स्पष्ट मत आहे, नाव ठेवा. मूळचे दोघं आहात, सहा गाणी तुमची आहेत, जाणारा राजीखुशीने चाललाय आणि आवाजाचा पाया तोच आहे. पोस्टरवरचा जुना फोटो मात्र त्याच दिवशी काढा आणि गायक बदलल्याचं स्वतःहून जाहीर करा. एका बाबतीत आमचं मत वेगळं असेल. वर्षभराने नवी गाणी इतकी वेगळी झाली की जुन्या गाण्यांशेजारी बसतच नाहीत, तर नाव बदलण्याचा विचार करा. मुंबईच्या १९८४ सालच्या रॉक मशीन या बँडने १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं, तेव्हा संगीताची दिशाच बदलत होती. माणसं बदलली म्हणून नाव बदलण्यापेक्षा ते कारण जास्त खरं आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. एकत्र काम करून नफा वाटून घेणारे लोक, कागद नसला तरी, १९३२ च्या भागीदारी कायद्याने भागीदार ठरू शकतात. वेगळं काही ठरलं नसेल तर सगळ्यांचा वाटा समान धरला जातो, आणि बँडची पत, म्हणजे नावाची किंमत, ही सगळ्यांची मालमत्ता असते. बाहेर पडलेल्या भागीदाराचा हिशेब मिटवला नसेल तर तो नंतरच्या नफ्यातला हिस्सा किंवा आपल्या रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज मागू शकतो. तेव्हा एक आठवून बघा. २०१९ मध्ये त्या ड्रमरचा हिशेब नीट केला होता का? त्याने आणलेल्या स्टँडचे पैसे, शेवटच्या दोन कार्यक्रमांचं मानधन? नावावरून निघालेल्या अशा कुरबुरींच्या तळाशी बऱ्याचदा न मिटवलेला हिशेब असतो, किंवा अल्बमवर न छापलेलं नाव असतं. त्याला भेटा, राहिलेलं देऊन टाका, जुन्या रेकॉर्डिंगवर त्याचं नाव लावा आणि नावावर हक्क नसल्याचं एका ओळीत लिहून घ्या. भेटायला तुम्ही स्वतः जा, मेसेज पाठवू नका.

नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं तर मनोरंजन सेवांचा वर्ग ४१ लागतो. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी दर वर्गाला ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका. आज विश्वास आहे म्हणून एकाच्या नावावर टाकलेलं नाव पुढे त्या एकाचंच होऊन बसतं. चौघांच्या संयुक्त नावाने किंवा भागीदारी संस्थेच्या नावाने करा, आणि सोडून जाणाऱ्याचा नावावरचा हक्क उरलेल्यांकडे राहतो हे कलम भागीदारी करारात घाला. करार वकिलाकडून तपासून घ्या.

गाण्यांचा हक्क नावापासून वेगळा असतो, आणि इथे तुम्हाला खरंच काळजी घ्यायची आहे. गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची, आणि रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन करून घेतलं त्याचं, अशा तीन वेगळ्या मालकी असतात. लिहिणारा बँड सोडून गेला तरी शब्द त्याचेच राहतात, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. म्हणजे ती आठ गाणी वाजवायला त्याची परवानगी हवी. तो हसत ‘वाजवा रे’ म्हणेल. तरी लिहून घ्या, कारण दहा वर्षांनी ते हसू कोणाला आठवणार? एक पान पुरतं. त्यावर आठ गाण्यांची नावं लिहा. प्रत्यक्ष कार्यक्रम, नव्या आवाजात पुन्हा रेकॉर्डिंग, व्हिडिओ आणि स्ट्रीमिंग हे चारही वापर वेगवेगळे लिहा. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. ते नसलं तर कायदा मुदत ५ वर्षं आणि प्रदेश फक्त भारत असा धरतो. तो आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) सभासद असेल तर जाहीर सादरीकरणाचा परवाना तिथून घ्यावा लागतो आणि ते काम आयोजकाचं असतं; तसं असेल तर परवानगीच्या पानावर तो उल्लेख हवा.

प्रत्येक गाण्याचे वाटेही आत्ताच ठरवा. शब्दांना ४०, चालीला ४० आणि मांडणी बसवणाऱ्या सगळ्यांना मिळून २० टक्के, ही विभागणी आम्हाला न्याय्य वाटते. ज्या ड्रमरच्या ठेक्यामुळे गाणं उभं राहिलं त्याला काहीच न मिळणं चुकीचं आहे. जुनी रेकॉर्डिंग्ज मात्र नव्या आवाजात केली म्हणून काढून टाकू नका. त्या आवाजासाठी ती गाणी ऐकणारे लोक आहेत, आणि ती तुमच्या दहा वर्षांची कमाई आहे.

फंडाचा हिशेब सोपा आहे. सामायिक सामानाची यादी करा, खरेदीचं वर्ष आणि किंमत लिहा, आणि मूळ किमतीच्या २० टक्के दरवर्षी वजा करा. समजा फंडात ६०,००० रुपये आहेत आणि दोन वर्षांपूर्वी ८०,००० चा मिक्सर व इन-इअर (कानातल्या मॉनिटरचा) संच घेतला. त्याची आजची किंमत ४८,००० झाली. एकूण १,०८,०००. जॅमरूमचे ८,००० देणं आहे, उरले एक लाख. पाचात प्रत्येकी २०,०००. जाणाऱ्याला सामान नको, पैसे हवेत. एवढे एकदम नसतील तर निम्मे आत्ता, निम्मे डिसेंबरच्या कार्यक्रमांनंतर. पावती घ्या. स्वतःच्या खिशातून घेतलेलं वाद्य किंवा पेडल या यादीत येत नाही. ते ज्याचं त्याचं.

उरलं एक काम, आणि तारखेच्या हिशेबाने तेच सगळ्यात आधी करायचं आहे. इन्स्टाग्राम, यूट्यूब, गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारं वितरकाचं खातं आणि बँडचा मेल, यांपैकी काय काय गायकाच्या मोबाइल नंबरला जोडलेलं आहे ते बघा. तिकडे गेल्यावर त्याचं इथलं सिम रिचार्जअभावी बंद पडलं की ओटीपी कोणालाच येणार नाही, आणि त्याची इच्छा असूनही तो तुम्हाला खातं उघडून देऊ शकणार नाही. बँडचा वेगळा मेल काढा, सगळी खाती त्यावर न्या, यूट्यूब चॅनेलला दोन मालक करा, वितरकाच्या खात्यातला बँक खाते क्रमांक बदला आणि दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड छापून दोघांकडे ठेवा. हे करताना त्याचा फोन हातात लागतो, त्यामुळे तो पुण्यात असतानाच, येत्या रविवारी त्याला घरी जेवायला बोलवा आणि उरकून टाका.